वाघाच्या हिवाळ्यातला खिचडा

परवा पुण्यात किराणा दुकानात मी अर्धा किलो बाजरी मागितली. दुकानदाराने विचारलं, "पीठ की अख्खी?" अख्खी म्हटल्यावर त्याने मागच्या पोत्यातून ती काढली आणि पुडी बांधता बांधता म्हणाला, "कबुतरांना घालायची का?" मी हो म्हटलं. का म्हटलं ते माझं मलाच कळलं नाही. बाहेर थंडी पडायला लागली होती. पुडी हातात घेऊन मी चालत होते आणि आमच्याकडे आता पावटा आला असेल, असं वाटत होतं.

खोलीवर उखळ नाही. बाजरीवर पाणी शिंपडून ती हाताने चोळली, मिक्सरमधून जराशी फिरवली आणि ताटातच पाखडायला गेले, तर कोंडा सगळ्या खोलीभर झाला. माझ्यासोबत राहणारी मनीषा सोलापूरकडची आहे. पुस्तकावरचा कोंडा झटकत ती म्हणाली, "बाई, हे काय मांडलंयस? कुकरला लाव, चार शिट्ट्या कर, मोकळी हो." मी लावला. बाजरी शिजली, पावटे शिजले, हरभरे तर पार फुटले. मनीषाने दोनदा वाढून घेतला आणि छान झालाय म्हणाली. मला तो छान लागला नाही. काय कमी होतं, तेही सांगता येईना.

संध्याकाळी आईला फोन लावला. आता घरात मोबाईल आहे. आई तो कानाला लावते आणि लांबच्या माणसाला हाक मारावी तशी बोलते.

"आई, खिचडा किती वेळ शिजवायचीस गं?"

"कंचा?"

"तो गं. वाघाच्या साली करायचीस तो."

आई म्हणाली, "त्याला काय घड्याळ व्हतं व्हय? तुमी दोघं येईस्तवर बसायचं. मंग रातभर त्यो आपला आपण शिजतोय."

ही कृती कुठे लिहून ठेवता येईल, असं मला वाटत नाही. तरी त्या हिवाळ्याबद्दल लिहून बघते.

वाघ म्हणजे बिबट्या. वर्तमानपत्रात त्याला बिबट्या म्हणतात, जंगलखात्याची माणसंही बिबट्याच म्हणतात. आमच्याकडे तो वाघच. जुन्नर-आंबेगावात कालव्याचं पाणी फिरलं, तसा ऊस वाढला, आणि भीमाशंकरकडच्या रानात राहणारा वाघ कधीतरी उसात राहायला आला. उसात त्याला सावली मिळाली, पाणी मिळालं. तिथेच त्याची पिल्लं झाली. त्या पिल्लांनी जंगल पाहिलंच नव्हतं. ऊस हेच त्यांचं घर. मग तोडीला टोळ्या आल्या की त्यांचं घर दिवसागणिक लहान होत जाई आणि ती उरलेल्या उसात सरकत. हे सगळं मला पुढे कळलं. त्या वर्षी फक्त एवढंच ठाऊक होतं की फाट्यापासून आमच्या वस्तीपर्यंतच्या वाटेला दोन्ही बाजूंनी ऊस आहे, आणि त्यात वाघ आहे.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. पहिली म्हणजे काय, ते सांगणं अवघड आहे. कॉलेजात काय करतात हे घरात कोणाला माहीत नव्हतं, म्हणून कोणी काही विचारत नसे. आणि मला सगळंच येत असणार असं धरून चालत. आमची वस्ती खोडदच्या आतल्या बाजूला. कॉलेज नारायणगावला. सकाळी जाणं सोपं होतं. परतीची एस.टी. फाट्यावर सोडायची तेव्हा हिवाळ्यात सूर्य बुडालेला असायचा. तिथून वस्ती पायी. नारायणगावात खोली घेऊन राहणं आमच्यानं होणारं नव्हतं.

दिवाळीपर्यंत मी एकटीच यायचे. दिवाळीनंतर पलीकडच्या गावात गवत कापणाऱ्या बाईवर वाघाने झडप घातली. ती वाचली, पण ती बातमी कळली त्या संध्याकाळी मी एस.टी.तून उतरले, तर फाट्यावर अण्णा उभे. डोक्याला मफलर, एका हातात काठी, एका हातात बॅटरी. माझे वडील कधी माझ्या शाळेच्या दारातही आले नव्हते. मला पाहून त्यांनी बॅटरी लावली. "चल," एवढंच. त्या दिवसापासून ते रोज यायला लागले.

मी सुरक्षित घरी पोचत होते. पण मला आणायला अण्णा वस्तीवरून निघत, तेव्हा ते एकटे असत. ही गोष्ट मला पहिल्याच आठवड्यात कळली होती आणि ती मी कुणाला बोलले नाही. बोलून उपयोग काय होता? येऊ नका म्हटलं असतं तर ते ऐकणार नव्हते. जात नाही म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

खिचडा त्याच दिवसांत सुरू झाला. वस्तीवर सगळ्यांनी शेळ्या आत बांधायला घेतल्या आणि अंगणात जाळ ठेवायला. वाघ विस्तवाला भितो, असं सगळे म्हणत. आमच्याही अंगणात तीन दगड मांडले गेले. अण्णा निघाले की आई तिथे गोवऱ्या लावायची. मोठा जाळ नाही करायची. इतक्या गोवऱ्या कुठून आणणार? निखाऱ्यांचा आर धरून राहील, धूर होत राहील, एवढंच. दोन-तीन दिवस तिने नुसता आर ठेवला. मग तिला ते बघवेना.

"एवढा इस्तू वाया चाललाय," ती म्हणाली. "वर काय तरी ठिवते."

बाजरी घरची होती. दुपारी ती पाण्याचा हात लावून उखळात कांडायची, सुपात पाखडायची. कोंडा शेळीला. परसातले ओले पावटे सोलायचे, ते काम सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे. हरभरे आणि हुलगे सकाळीच भिजत घातलेले. मूठभर शेंगदाणे. लसूण मात्र हात सैल सोडून, सालासकट ठेचून. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, मोठ्या पातेल्याला बाहेरून राख लिंपायची, म्हणजे बूड करपत नाही आणि घासताना नखं जात नाहीत. सगळं एकदम पातेल्यात, मीठ, हळद, आणि पाणी भरपूर. वर ताट, त्या ताटातही पाणी. ते पाणी तापलं की आतल्या खिचड्यात ओतायचं आणि ताटात पुन्हा गार पाणी. असं दोन-तीनदा केलं की मग रात्रभर कोणी बघायला नको.

खरं तर खिचड्यापाशी बसावं लागत नाही. तो कुठे उतू जात नाही, कुठे पळून जात नाही. तरी आई बसायची. शेजारची शेवंताकाकू कुंपणापलीकडून हाक मारायची, "काय गं, वाघाला जेवायला सांगितलंय का आज?"

"व्हय. तुलाबी सांगते, ये."

"मला गं कशाला? माझ्या अंगावर काय हाय? त्याला तुझ्यासारखी पाहुणी लागंल."

दोघी हसायच्या. हसताना आईचं तोंड वाटेकडे असायचं. लांबून आमची बॅटरी दिसली की ती उठून आत जायची आणि भाकरी थापायला बसायची, जणू सगळा वेळ तिथेच होती. हे मला काकूने सांगितलं. आम्ही पोचायचो तेव्हा अंगणात फक्त पातेलं असायचं, आणि त्याच्याजवळ वायरमन.

वायरमन म्हणजे आमचा कुत्रा. वस्तीवरची लाइट गेली की तो कुठूनतरी उगवायचा, म्हणून काकूने त्याचं नाव वायरमन ठेवलं होतं. खऱ्या वायरमनपेक्षा हा बरा, असं ती म्हणायची, हा निदान येतो तरी. त्या हिवाळ्यात तो आमच्याच अंगणात राहायला लागला. आराशी ऊब होती. शिवाय आई त्याला सकाळी पातेल्याची खरवड द्यायची, आणि संध्याकाळी भाकरीचा तुकडा, म्हणजे तो तिथेच बसून राहील आणि काही आलं तर भुंकेल.

सकाळी ताट उचललं की जो वास यायचा, तो मला लिहिता येत नाही. धुराचा होता, लसणाचा होता, आणि पावट्याचा जरा उग्र असा. बाजरी फुलून एकमेकांत विरलेली, पण दाणा जिभेला लागायचा. हुलग्यांनी सगळ्याला तांबूस रंग दिलेला. वर शेंगदाण्याचं कच्चं तेल. सगळे अंगणात उन्हाला बसून ताटल्या चाटून पुसून खायचो. माणसाला इतकी भीती वाटत असताना इतकी भूक कशी लागते, याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटायचं. अण्णा दोनदा घ्यायचे. "वाघानं बरं केलं," ते म्हणायचे, "न्हाईतर तुमची आई मला रोज खिचडा घालती व्हय?"

अण्णांनी तात्यांना विचारून पाहिलं होतं. वाटेच्या दोन्ही बाजूंचा ऊस तात्यांचा. माणूस वाईट नव्हता. अण्णा त्यांच्याकडे कामालाही जात. मीही त्या दिवशी सोबत होते.

"तात्या, वाटंकडचा पट्टा तेवढा आधी तोडता आला तर बघा. पोरगी येती संध्याकाळची."

तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "अरे, माझ्या हातात असतं तर कालच तोडला असता. कारखान्याची टोळी यायला पायजे ना. आज येती, उद्या येती, असं चाललंय. माझं वासरू नेलं त्यानं परवा. मी कुणाला सांगू?"

दोघे उसाकडे बघत बसले. तुरे आले होते आणि वाऱ्यावर ते फार सुंदर दिसत होते, हे मी लिहायला नको खरं तर, पण दिसत होते.

मग एका सकाळी आई ताट उचलायला गेली आणि वायरमन नव्हता. पातेलं जागच्या जागी. ताटातलं पाणीसुद्धा सांडलं नव्हतं. आर राखेखाली अजून जिवंत होता. अंगणात एका बाजूला माती थोडी ओढल्यासारखी दिसत होती. रात्री कोणी काही ऐकलं नव्हतं. तो भुंकलाच नव्हता. त्या दिवशी खिचडा कोणी खाल्ला, की नाही खाल्ला, ते मला आठवत नाही.

दोन दिवसांनी जंगलखात्याचा माणूस आला. विहारापुढच्या पटांगणात सगळी वस्ती जमली. तो तरुण होता, पार घसा बसलेला. कितीतरी गावांत तेच तेच सांगून आला असावा. लोकांनी पिंजरा मागितला. तो म्हणाला, पिंजरे थोडे आणि गावं जास्त, पण मी वर कळवतो. मग त्याने समजावलं, "हे बघा, तो माणसासाठी येत नाही. कुत्र्यासाठी येतो. कुत्रं कशासाठी येतं? उष्ट्या-खरकट्यासाठी. घराभोवती अन्न टाकू नका. कुत्र्याला बाहेर खायला घालून झोपवू नका. तुम्हीच त्याला बोलावताय."

"आन जाळ?" काकूने विचारलं.

"मोठा जाळ असेल तर ठीक. नुसत्या धुराला तो नाही घाबरत."

मी आईकडे पाहिलं. ती सगळ्यांच्या मागे उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता. पटांगणातून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या लांबवर दिसत होत्या. कोणीतरी म्हणालं, त्या इतक्या लांबचं आभाळातलं ऐकतात. "उसातलं काय ऐकू येत न्हाई त्यांना," काकू म्हणाली, पण त्या दिवशी तिच्या बोलण्याला कोणी हसलं नाही.

घरी येऊन आईने अंगणातले तीन दगड उचलून कडेला ठेवले. आम्ही जे राखणीसाठी करत होतो, त्यानेच त्याला दार दाखवलं होतं. पण नाही केलं असतं तर तो आलाच नसता, असंही कोणी सांगू शकत नव्हतं. याचं काय करायचं असतं? मला अजून माहीत नाही.

खिचडा त्यानंतर आत आला. चुलीला बाजूचा वैल असतो. त्याला स्वतःचा जाळ नसतो, चुलीची उरलेली धग तिकडे जाते. आई पातेलं त्या वैलावर ठेवायची. शिजायचा, पण अंगणातल्या आराची चव त्याला नव्हती. आणि आईला बाहेर बसायला आता काही निमित्त नव्हतं. अण्णा निघाले की ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची. आत जायची, वैलावरचं ताट उचलून बघायची, पुन्हा दारात यायची. इतक्यांदा ताट उचललं की वाफ जाते आणि बाजरी कच्ची राहते, हे एरवी तिनेच आम्हाला सांगितलं असतं. त्या दिवसांत आम्ही कितीतरी वेळा कचकचीत खिचडा खाल्ला.

पुढे टोळी आली आणि तात्यांचा ऊस तुटला. घरातून फाटा दिसायला लागला. मी पास झाले. त्यानंतर मी पुण्याला आले. पण ते पुढचं. त्याआधीची एक संध्याकाळ राहिली आहे.

त्या दिवशी मी फाट्यावर उतरले तर अण्णा नव्हते. एस.टी. निघून गेली. फाट्यावरचा चहावाला फळी लावत होता. "येतील गं," तो म्हणाला. "बस इथं. न्हाईतर माझ्याबरोबर माघारी चल." मी बसले. अंधार झाला. चहावाला माझ्यासाठी खोळंबला होता, आणि त्यालाही घर होतं. मला वाटेने पुढे जाता येत नव्हतं, माघारी जाता येत नव्हतं. मी फक्त उसाकडे बघत होते. तो काळा झाला होता आणि सळसळत होता.

मग आतून आवाज आला. लांबून, मोठ्याने, कोणीतरी भाषण करावं तसा. आधी शब्द कळेनात.

उसातून जाताना माणसाने बोलत जावं, म्हणजे वाघाला चाहूल लागते आणि तो बाजूला होतो, असं आमच्याकडे सगळे करत. कोणी अभंग म्हणायचं, कोणी नुसत्या शिव्या घालायचं. आम्हा बापलेकीला रोज रोज काय बोलायचं ते सुचायचं नाही. म्हणून अण्णा म्हणायचे, "आज काय शिकवलं ते सांग. मोठ्यानं सांग." मग मी अर्थशास्त्राचा तास उसाला ऐकवत घरी यायचे. अण्णा नुसते हुं हुं करायचे. मला वाटायचं, त्यांचं लक्ष उसाकडे आहे.

आवाज जवळ आला.

"भाव वाढला की मागणी कमी व्हती!" अण्णा ओरडत होते. "भाव उतरला की मागणी वाढती! इतर परिस्थिती कायम असता!" मग जरा थांबून पुन्हा, "इतर परिस्थिती कायम असता!"

चहावाला माझ्याकडे बघायला लागला. मला हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. ते एकटे येताना रोज हेच म्हणत यायचे. मी आदल्या दिवशी जे सांगितलेलं असेल ते.

बॅटरीचा उजेड दिसला. अण्णांची चप्पल एकाच पायात होती. मफलर नव्हता. "त्यो वाटंवर बसला व्हता," ते चहावाल्याला म्हणाले. "उठंचना. मंग मीबी उभाच ऱ्हायलो." एवढं बोलून ते फळीवर बसले आणि पाणी मागितलं. तांब्या त्यांनी एका दमात रिकामा केला.

घरी गेल्यावर मी सांगितलं. बरेच दिवस मनात होतं ते. "अण्णा, मी उद्यापासून जात नाही. ऊस तुटेपर्यंत घरी बसते. नाहीतर हे वर्ष सोडते."

आई वैलापाशी होती. तिने ताट उचललं, पुन्हा ठेवलं. मला वाटतं, तिला हेच हवं होतं आणि ते म्हणायची तिला लाज वाटत होती. अण्णा पाय धूत होते. ते आयुष्यात माझ्यावर ओरडले नव्हते, आताही ओरडले नाहीत.

"घरी बसती?" ते म्हणाले. "तू घरी बसलीस, तर मी इतके दिस चाललो कशाला गं?"

आईने ताटल्या मांडल्या. अण्णा जेवले आणि आपल्या हाताने दुसरा मफलर शोधायला जुनी पेटी उघडून बसले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले. दिवसभर फळ्याकडे बघत होते आणि फळ्यावर काय लिहिलंय ते दिसत नव्हतं. सर काय बोलले, कुठला धडा काढला, काही कळलं नाही. संध्याकाळी एस.टी. फाट्यावर थांबली. अण्णा उभे होते. कुणाची तरी मोठी चप्पल घालून, डोक्याला आईचं जुनं लुगडं फाडून बांधलेलं. आम्ही वाटेला लागलो. पहिला ऊस आला तसे ते म्हणाले, "हं. आज काय शिकवलं?"

मला एक अक्षर आठवत नव्हतं. ऊस दोन्ही बाजूंनी उभा होता. मी मोठ्याने सांगायला सुरुवात केली.